पायाळू

भाचीच्या घरी, नागपुरात मानेवाड्याला, बाळ बघायला तिच्या सासरकडच्या एक मावशी आल्या. एका हातात झबल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. टेकायच्या आधीच त्यांची नजर पाळण्याकडे गेली आणि तिथेच अडकली. दोन महिन्यांची मुलगी. खांद्यांवरून दोन पट्टे, छातीभोवती एक आडवा पट्टा, त्याला जोडलेल्या आणखी पट्ट्यांत अडकवलेली दोन्ही पावलं. गुडघे वर घेतलेले, मांड्या दोन बाजूंना फाकलेल्या. "काहून बांधून ठेवलं व पोरीले? पडली का कुठी?" भाचीनं शांतपणे सांगितलं, की पडली नाही मावशी, खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही म्हणून पट्टे लावलेत, काही महिन्यांत निघतील. मावशींनी मान हलवली, चहा घेतला, एकेक झबलं उलगडून दाखवलं. निघताना दारात चपला घालता घालता मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "पण पडली कशी?"

जिला अजून मान धरता येत नाही ती पाळण्यातून उठून पडायला जाणार कुठे, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मावशींचा प्रश्न खरं तर बाळाबद्दल नव्हताच. एवढंसं मूल स्वतःहून पडत नाही, ते कोणाच्या तरी हातून पडतं. त्यांना तो हात हवा होता. मावशी काही दुष्ट नाहीत. भाचीच्या बाळंतपणात रात्री दवाखान्यात बसायला त्याच होत्या. म्हणूनच तो प्रश्न मला कितीतरी दिवस सलत राहिला.

पोटात हे बाळ शेवटपर्यंत फिरलंच नाही. डोकं वर, बूड खाली, म्हणजे पायाळू. सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टर आल्या. त्यांनी हात चोळून गरम केले, बाळाचे दोन्ही गुडघे मुठीत धरले, अंगठे मांडीच्या आत आणि बोटं बाहेर, आणि एकेक मांडी सावकाश बाहेर फाकवत किंचित वर उचलली. उजवीकडे काही नाही. डावीकडे त्या थांबल्या, पुन्हा तेच केलं, आणि भाचीचा हात धरून तिथे ठेवायला लावला. मांडीच्या हाडाचा निसटलेला गोळा खुब्याच्या उखळीत परत जाताना बोटांना एक बारीक धक्का लागतो, आवाजापेक्षा स्पर्शानं कळणारा. इटलीतल्या ऑर्टोलानी नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९३७ साली ही खूण लिहून ठेवली. उलट बाजूनं, म्हणजे बसलेला गोळा मागे दाबून निसटतो का हे बघायची पद्धत इंग्लंडमधल्या बार्लो यांची, १९६२ ची. एवढी यंत्रं आली तरी पहिली तपासणी अजून हातांचीच आहे, आणि त्यासाठी बाळ रडत नसावं लागतं. ते जमवणं हीच निम्मी विद्या असावी.

पहिलं मूल, त्यात मुलगी, त्यात पायाळू: डॉक्टरांनी हे तीन शब्द बोटांवर मोजले होते. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, डाव्या बाजूला जास्त दिसतो, आणि बूड खाली घेऊन असलेल्या बाळांमध्ये तर हटकून बघावाच लागतो. एक्स-रे काढत नाहीत, कारण त्या वयात मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेचाच असतो. चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत तो फोटोत येतच नाही. सोनोग्राफी करतात. सहा आठवड्यांनी ती झाली, उखळ उथळ निघाली, आणि पट्टे आले.

पट्ट्यांचं नाव पाव्हलिक हार्नेस. आर्नोल्ड पाव्हलिक हे चेकोस्लोव्हाकियातले अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्या आधी असल्या बाळांचे पाय जोरानं फाकवून प्लास्टरमध्ये घट्ट डांबून ठेवत. त्यानं सांधा जागेवर बसे, पण पुष्कळदा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो गोळाच मरे. पाव्हलिकांनी पाय नुसते वर टांगले आणि हलायला मोकळे सोडले. बाळ लाथा मारतं, आणि त्या लाथांनीच गोळा हळूहळू उखळीच्या मध्यभागी सरकतो. गोळा उखळीत टेकलेला राहिला की उखळ खोल होत जाते, आणि खोल उखळीत गोळा गोल वाढतो. दोघांना एकमेकांशिवाय आकार येत नाही. हे सगळं ऐकायला सुरेख वाटतं. घरात मात्र त्याचा अर्थ असा, की दिवसाचे जवळजवळ चोवीस तास पट्टे अंगावर, आंघोळीऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, डायपर पट्ट्यांच्या खालून सरकवणं, गुडघ्यांच्या मागच्या घडीत उठणारी लाली. छातीच्या पट्ट्याला ओकलेल्या दुधाचा आंबूस वास धरला तो शेवटपर्यंत गेला नाही. कुठला पट्टा कुठवर ओढायचा तिथे डॉक्टरांनी निळ्या बॉलपेननं रेघा मारून दिल्या होत्या. जास्त ओढला तर मांडीतली नस दाबली जाते आणि बाळ गुडघा सरळ करेनासं होतं, म्हणून भाची रात्री मोबाईलच्या उजेडात त्या रेघा तपासायची आणि मग पोटरीला गुदगुल्या करून पाय झटकतेय ना हे बघायची.

"पायाळू" हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला तेव्हा मी भाचीच्या उशाशी सफरचंद चिरत बसले होते. तो शब्द मी आमच्या महालातल्या वाड्यानंतर ऐकलाच नव्हता.

माझी धाकटी आत्या पायाळू होती. कोणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की गल्लीतली माणसं भिंत धरत धरत आमच्या ओट्यावर यायची आणि पालथी पडायची. आत्या त्यांच्या पाठीला डाव्या पायाचा अंगठा लावून हलकेच लाथ मारायची. उतारा म्हणून कोणी नारळ ठेवायचं, कोणी पेढे. पावसाळ्यात गडगडायला लागलं की आजी हातातलं काम टाकून तिला माजघरात ओढून न्यायची, पायाळू माणसावर वीज पडते म्हणून. आम्हा पोरांना तिचा हेवा वाटायचा. आणि हीच आत्या, जिच्या डाव्या पायात म्हणे एवढा गुण होता, त्याच डाव्या पायानं जन्मभर लंगडली. प्रत्येक पावलाला तिचा डावा खांदा खाली जायचा आणि कंबर त्याच बाजूला झुकायची. मोच्याकडून एका चपलेला जाड टाच लावून घेतलेली असायची, त्यामुळे शहाबादी फरशीवर तिची पावलं एक हलकं, एक जड अशी वाजत. ती कुठल्या खोलीत आहे हे न बघता कळायचं.

तान्ह्या पोळ्याला बाकीच्या आत्या-काकू मुलांना नटवून, चाकांच्या लाकडी बैलांना झुली घालून गल्लीभर हिंडायच्या. धाकटी आत्या ओट्यावर पाट टाकून बसायची, मांडीवर सुट्ट्या नाण्यांची पिशवी. दारात येणाऱ्या प्रत्येक बैलाला ओवाळून ती पोराच्या हातावर बोजारा ठेवायची. तिचं लग्न झालं नाही. दोन-तीन ठिकाणांहून माणसं येऊन गेली, ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की पुढचं बोलणं पिकांवर आणि पावसावर जायचं. पुढे तिनं शिवणवर्ग काढला. उजव्या पायानं मशीन चालवायची. वाड्यातल्या आम्हा सगळ्या पोरींचे परकर तिनं शिवले.

तिचा पाय असा का, याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. लहानपणी पडली. थोरल्या आत्याच्या कडेवरून, वाड्याच्या दगडी पायऱ्यांवर. थोरली तेव्हा नऊ वर्षांची. ही गोष्ट आमच्याकडे चिडून सांगत नसत, सहज सांगत, गव्हाच्या भावासारखी. "हिच्या हातून पडली ना ती." थोरली समोरच बसलेली असायची, गवार मोडत नाही तर वाती वळत. ती कधी काही बोलली नाही.

धाकटीच्या पन्नाशीनंतर खुबा फारच दुखायला लागला तेव्हा माझे वडील तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. फोटो उजेडासमोर धरून ते म्हणाले, हा सांधा कधी जागेवर नव्हताच. जन्मापासूनचा निसटलेला आहे, आणि वर कमरेच्या हाडाला घासून घासून गोळ्यानं तिथे दुसरीच उथळ खळगी पाडून घेतली आहे. वडिलांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आजी तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "डॉक्टरला काय माहीत? आमच्या डोळ्यांदेखत पडली." विषय संपला. माहिती घरात आली होती, दार उघडून सरळ स्वयंपाकघरापर्यंत आली होती, आणि तिला कोणी बस म्हटलं नाही.

पट्ट्यांच्या तपासणीसाठी धंतोलीत जायचो तिथल्या बाकांवर मला अशा पुष्कळ माहितीची वाट बघणारी माणसं दिसली. भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा किडकिडीत, क्षणभर स्वस्थ न बसणारा, लंगडत लंगडतच खुर्च्यांमधून पकडापकडी खेळत होता. वडिलांच्या हातात गुडघ्याच्या फोटोंचा गठ्ठा. "गुडघा दुखते म्हणते जी, अन् गुडघ्यात तं काहीच नाही म्हणते डॉक्टर." खुब्याची आणि गुडघ्याची एक नस सामाईक असते, म्हणून खुब्याचं दुखणं मूल गुडघ्यावर बोट ठेवून दाखवतं, हे मला तेव्हाच कळलं. त्याला पेर्थेस निघाला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला जाणारं रक्त काही काळ तुटतं, गोळा मरतो, ढासळतो, आणि दोन ते चार वर्षांत नव्यानं भरून येतो. का तुटतं, हे आजही नक्की कोणी सांगू शकत नाही. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत चारपट. आमच्या विदर्भात मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते: सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी त्याच बारीक रक्तवाहिन्या बुजवतात आणि खुब्याचा फोटो हुबेहूब तसाच दिसतो. डॉक्टरांनी आधी ती रक्ततपासणी लिहून दिली, मग बाकीचं बोलणं.

त्या गृहस्थांनी विचारलं, "पण सर, झाडावरून पडला होता पोळ्याले. त्याच्यानंच झालं न?" डॉक्टर नाही म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. बाहेर येऊन कंपाउंडरलाही विचारलं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असल्या सगळ्या मुलांना खुब्याचा क्षय झालाय असं समजून वर्षानुवर्षं खाटेला बांधून ठेवत. रोंटगेनचे किरण, म्हणजे एक्स-रे, १८९५ साली सापडले, आणि १९१० मध्ये अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पेर्थेस या तिघांनी एकमेकांच्या नकळत फोटोंवरून ओळखलं, की हा क्षय नाही, दुसरंच काही आहे. उपचाराचं सूत्र ऐकून मात्र मला भाचीच्या बाळाचीच आठवण झाली: हाड मऊ आहे तोवर गोळा उखळीच्या आत राखायचा, म्हणजे भरताना तो गोल भरेल. लहान मुलांत उड्या बंद, व्यायाम, वेळेवर फोटो आणि पुष्कळशी वाट बघणं एवढ्यावर भागतं. आठेक वर्षांच्या पुढे बहुधा हाड कापून त्याची दिशा बदलावी लागते. डॉक्टर मुलाला म्हणाले, "सायकल चालव, पोह, पण उडी नाही." मुलानं विचारलं, "छोटी उडी?"

लंगडणारं प्रत्येक मूल असं लांबच्या रस्त्याला लागत नाही, हे त्याच बाकावर बसून ऐकलं म्हणून बरं वाटलं. सर्दी-तापानंतर आठ दिवसांनी खुबा धरतो आणि विश्रांतीनं आठ-पंधरा दिवसांत सुटतो, अशीच मुलं जास्त. पण ताप चढलेला आहे आणि मूल पायाला हातच लावू देत नाही, तर तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही. सांध्यात पू झाला असेल तर एका रात्रीतही कूर्चा खराब होऊ शकते. आणि वाढीच्या वयातली अंगानं जाड मुलं: त्यांच्यात गोळा हाडावरून मागे घसरतो, पाऊल बाहेर वळतं, आणि तेही गुडघाच दुखतो म्हणत येतात. त्यांना तिथूनच चाकाच्या खुर्चीवर बसवून आत नेतात, एक पाऊल टाकू देत नाहीत. स्क्रू बसेपर्यंत.

एका तरुण बाईच्या मांडीवर दीड वर्षाची मुलगी होती, छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. चालायला लागल्यावर लंगडतेय म्हणून लक्षात आलं होतं. मे महिना, बाहेर नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. त्या बाईनं मला सगळी युक्ती सांगितली: मध्ये सोडलेल्या जागेच्या कडांना प्लॅस्टिकची चिकटपट्टी, आत सर्वांत लहान मापाचा डायपर खोचायचा, त्यावरून बाहेरून मोठा बांधायचा; दिवसभर कूलरसमोर, पण पाण्याचे तुषार प्लास्टरवर येणार नाहीत इतक्या अंतरावर. भूल देऊन सांधा बसवून असं तीन महिने. सहा महिन्यांच्या आत पट्ट्यांवर भागतं, त्यानंतर बहुधा भूल आणि प्लास्टर, दीड-दोन वर्षांनंतर उघडून शस्त्रक्रिया, पुढे कमरेचं हाड कापून उखळीचं छप्पर खाली वाकवणं. ही शेवटची शस्त्रक्रिया टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ साली जगापुढे मांडली. माझी धाकटी आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती. मी तिथे बसून उगाच हे हिशेब करत होते. ती जन्मली तेव्हा ऑर्टोलानींची खूण दहा वर्षांची जुनी झालेली, पण मध्य प्रांताच्या राजधानीत महालातल्या सुइणीपर्यंत ती यायचं काही कारण नव्हतं.

घरी आणखी एक आघाडी होती: मालिशवाली बाई. पट्टे असेपर्यंत तेल नाही, पाय ओढणं नाही, दुपट्यात पाय सरळ करून गच्च गुंडाळणं तर कधीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरळ नाही केले तं फेंगडे राहतीन, मंग मले नका म्हनू." जपानमध्ये १९७५ च्या सुमारास आयांना हेच शिकवायची मोठी मोहीम काढली, की बाळाचे पाय सरळ बांधू नका, आणि तिथे निसटलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. हे मी बाईला सांगून बघितलं. तिला जपानचं काही वाटलं नाही. मग डॉक्टरांचंच एक वाक्य सांगितलं, की आपल्याकडे बाळाला कडेवर घ्यायची रीत आहे ना, दोन्हीकडे पाय टाकून, ती खुब्यांना चांगलीच. हे तिला पटलं.

मला मात्र हे ऐकल्यापासून चैन पडेना. कडेवर घेणं चांगलंच. म्हणजे एक नऊ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या बहिणीला कमरेवर घेऊन हिंडत होती, तेव्हा घरात त्या खुब्याचं थोडंफार भलं कोणी करत असेल, तर तीच.

थोरली आत्या आता सत्त्याऐंशीची आहे, त्रिमूर्तीनगरला मुलाकडे असते. धाकटीला जाऊन बरीच वर्षं झाली. मी गेले, बाळाचं सगळं सांगितलं, डाव्या खुब्याचं, पायाळूचं, आणि मग घसा खाकरून म्हटलं, "आत्या, ती तुझ्या हातून पडली म्हणून नव्हतं ते. तसंच असावं, जन्मापासूनचं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिला पाडलंच नव्हतं. पायरीवरून मी पडले. ती माझ्या अंगावरच होती, तिला खरचटलंसुद्धा नाही." तिनं बाही वर करून कोपर दाखवलं. सुरकुतलेल्या कातडीत एक पांढरट, गुळगुळीत चट्टा होता.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? ती चालायला लागली तशी लंगडायची. जी बाई यायची ती आईला विचारायची, ग्रहणात काय चिरलं होतंस गं? विळी घेतली होतीस का हातात? आई आत जाऊन रडायची. मी पडले आणि विचारणं बंद झालं."

नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळलं होतं, की एवढ्या वर्षांत तिनं ते असं जुळवून घेतलं, मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. आजीला खरं माहीत होतं का, हेही विचारावंसं वाटलं. "डोळ्यांदेखत पडली" म्हणणारी तीच. पण आत्याला आता बाळाच्या पट्ट्यांची किंमत हवी होती, ते धुता येतात का हे हवं होतं, आणि मावशींचा किस्सा ऐकून ती बोळकं उघडून हसली. म्हणाली, "तिच्या आईला सांग, एवढं विचारतात तर म्हणावं पणजीच्या हातून पडली. मला आता कोण काय बोलणार आहे?"

मी भाचीला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "मुळीच नाही," म्हणाली. आता कोणी आलं की ती पट्टे दाखवते, उखळ आणि गोळा हातांच्या मुठींनी करून दाखवते, आणि कोणाचीही चूक नाही हे वाक्य चहाच्या आधीच बोलून टाकते. लोक ऐकतात. काही जण मग सोनोग्राफीत आधीच कसं दिसलं नाही हे विचारतात.

मागच्या सोनोग्राफीत उखळीचा कोन साठ अंशांच्या वर आला. पट्टे आता फक्त रात्री. सहा महिन्यांनी फोटो, चालायला लागल्यावर फोटो, आणि उंची वाढायची थांबेपर्यंत अधूनमधून डॉक्टरांकडे फेरी. पट्टे नसले तरी मुलगी सवयीनं पाय तसेच फाकवून वर धरते आणि मजेत स्वतःचा अंगठा चोखते. मालिशवाली बाई कोमट तेलाची वाटी घेऊन दारात उभी असते. "आता तं करू का सरळ?"

"नाही," भाची म्हणते. "हातांना लावा."